उचल की मानधन? नवोदितांना मिळणाऱ्या मोठ्या आगाऊ रकमा आणि लेखकांची नाराजी : तीन इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे एक अभ्यास

प्रस्तावना

साहित्यकृतीचा आशय, आविष्कार आणि परंपरा यांची चर्चा मराठी समीक्षेत जितक्या विस्ताराने होते, तितकी तिच्यामागील अर्थव्यवहाराची होत नाही. लेखकाला पैसे किती मिळाले, केव्हा मिळाले आणि कशाच्या बदल्यात मिळाले, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याकडे कल दिसतो. तथापि लेखकाच्या पुढील लेखनावर या व्यवहाराचा परिणाम होत असल्यामुळे तो साहित्यविचाराचाही विषय ठरतो.

इंग्लंड आणि अमेरिका येथील लेखकवर्गाला एका प्रश्नाने गेली काही दशके सातत्याने अस्वस्थ केले आहे. ज्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकाला केवळ हस्तलिखिताच्या आधारे लाखो पौंड किंवा डॉलर आगाऊ दिले जातात. याउलट चार-सहा पुस्तके लिहून ज्याने वाचक मिळविला, समीक्षकांची मान्यता मिळविली, अशा लेखकाला पुढील पुस्तकासाठी अनेकदा त्याचा अल्पसा अंशही मिळत नाही. या संदर्भात व्यक्त होणाऱ्या नाराजीची बहुधा 'मत्सर' या एका शब्दात बोळवण केली जाते. ही नाराजी केवळ मत्सरातून येते काय, की तिला वस्तुनिष्ठ आधार आहे, आणि असल्यास तिचा रोख योग्य दिशेने आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. आगाऊ रकमेची संकल्पना व तिचे प्रत्यक्ष व्यवहारातील स्वरूप स्पष्ट करणे.
२. जॉर्ज गिसिंग यांची 'न्यू ग्रब स्ट्रीट' (१८९१), मार्टिन एमिस यांची 'द इन्फर्मेशन' (१९९५) आणि आर. एफ. क्वांग यांची 'यलोफेस' (२०२३) या कादंबऱ्यांतील लेखकाच्या नाराजीचे चित्रण तपासणे.
३. प्रकाशात आलेल्या प्रत्यक्ष रकमांच्या आधारे या नाराजीची मीमांसा करणे.

आगाऊ रक्कम : संकल्पना आणि व्यवहार

इंग्रजी प्रकाशनव्यवसायात 'ॲडव्हान्स' म्हणजे भावी रॉयल्टीपोटी लेखकाला आधीच दिलेली रक्कम होय. ती सामान्यतः करारावर सही होताना, हस्तलिखित स्वीकारले जाताना आणि पुस्तक प्रसिद्ध होताना अशा हप्त्यांनी मिळते. पुस्तक विकले जाऊ लागले की प्रत्येक प्रतीमागील रॉयल्टी या रकमेतून वळती होते. रक्कम पूर्ण फिटेपर्यंत लेखकाला आणखी काही मिळत नाही. मात्र पुस्तक खपले नाही, तरी करारानुसार हस्तलिखित दिलेल्या लेखकाकडून ती परत घेतली जात नाही.

मराठीत या रकमेला 'आगाऊ मानधन' म्हटले जाते. या शब्दात 'मान' आणि 'धन' दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे जितकी रक्कम मोठी तितका लेखकाचा मान मोठा, असा अर्थ नकळत ध्वनित होतो. वास्तविक या व्यवहाराला अधिक जवळचा शब्द मराठीत उपलब्ध आहे, तो म्हणजे 'उचल'. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामात केलेल्या कामातून ती फेडतो. उचल ही झालेल्या कामाची पावती नसते, ती होणाऱ्या कामावरील आधीची रक्कम असते. दोन्हींत एक मोठा फरक आहे. कामगाराची न फिटलेली उचल त्याच्या अंगावर बाकी म्हणून राहते. लेखकाच्या बाबतीत पैशाची बाकी राहत नाही, परंतु खपाच्या आकड्याची राहते, आणि पुढच्या कराराच्या वेळी तोच आकडा त्याच्यासमोर ठेवला जातो.

या उचलीचा आकार लक्षात येण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेत पुठ्ठा-बांधणीच्या पुस्तकासाठी पहिल्या ५,००० प्रतींवर छापील किमतीच्या १० टक्के, पुढील ५,००० प्रतींवर साडेबारा टक्के आणि त्यानंतर १५ टक्के रॉयल्टी हे दर सर्वसाधारणपणे रूढ आहेत. पुस्तकाची किंमत २५ डॉलर आणि रॉयल्टी सरसकट १५ टक्के धरली, तरी एका प्रतीमागे ३.७५ डॉलर होतात. या हिशेबाने २० लाख डॉलरची उचल केवळ या आवृत्तीतून फिटण्यासाठी सुमारे ५ लाख ३३ हजार प्रती विकल्या जाव्या लागतील. प्रकाशकाचा नफा त्यापूर्वीच सुरू होऊ शकतो, कारण प्रतीमागे त्याचा वाटा लेखकाच्या वाट्याहून वेगळा असतो. त्यामुळे 'उचल फिटली नाही' याचा अर्थ 'प्रकाशक बुडाला' असा नेहमीच होत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

तीन कादंबऱ्या, एक तक्रार

गिसिंग यांच्या काळात इंग्लंडमध्ये तीन खंडांच्या कादंबरीची पद्धत होती. महागड्या प्रती मुख्यतः वर्गणी घेणारी ग्रंथालये विकत घेत आणि लेखक बहुधा आपले हक्क एकरकमी विकून टाकी. 'न्यू ग्रब स्ट्रीट'चे हक्क स्वतः गिसिंग यांनी १५० पौंडांना विकले होते. या कादंबरीतील एडविन रीअर्डन हा गुणी परंतु मंद गतीने लिहिणारा लेखक आहे. त्याची आधीची पुस्तके जाणकारांनी वाखाणलेली आहेत, पण संसाराचा खर्च भागविण्यासाठी त्याला मनाविरुद्ध तीन खंड भरावे लागतात आणि प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर त्याचा बाजारभाव उतरत जातो. दुसरीकडे साहित्य हा व्यापार आहे असे उघड मानणारा जॅस्पर मिल्व्हेन ओळखी, परीक्षणे आणि प्रासंगिक लेखन यांच्या बळावर वर चढतो. अखेरीस रीअर्डनच्या विधवेशी त्याचा विवाह होतो. येथे नाराजी आहे, पण ती मूक आहे. रीअर्डन मिल्व्हेनला दोष देत नाही, तो स्वतःलाच अपात्र ठरवितो. अनुभवी लेखकाचे पूर्वीचे पुस्तक त्याच्या विरोधात कसे उभे राहते, याचे हे इंग्रजी कादंबरीतील प्रारंभीच्या चित्रणांपैकी एक होय.

'द इन्फर्मेशन'मध्ये ही मूक नाराजी सूडाचे रूप घेते. रिचर्ड टल हा चाळिशीला पोहोचलेला, विस्मृतीत गेलेला कादंबरीकार आहे. पुस्तकपरीक्षणे लिहिणे आणि पैसे घेऊन पुस्तके छापणाऱ्या संस्थेत काम करणे, हे त्याच्या उपजीविकेचे मार्ग आहेत. त्याचा जुना मित्र ग्विन बॅरी मात्र रिचर्डच्या मते सुमार असलेल्या पुस्तकावर अफाट लोकप्रिय होतो. रिचर्ड त्याचा नाश करण्यासाठी एकामागून एक बेत आखतो. मित्राचे पुस्तक चोरीचे आहे असे भासविण्यासाठी ते वेगळ्या नावाने पुन्हा टंकलिखित करण्यापर्यंत त्याची मजल जाते. एमिस यांनी रिचर्डच्या मत्सराचे निर्दय विडंबन केले आहे. तथापि ग्विनला एवढे यश देणारी यंत्रणा, म्हणजे मध्यस्थ, प्रसिद्धिविभाग, दौरे आणि पारितोषिके, ही विनोदाची पार्श्वभूमी होऊन राहते. रिचर्डचा शत्रू शेवटपर्यंत दुसरा लेखकच असतो.

'यलोफेस' या कादंबरीत काळ बदलला आहे, पण रचना तीच आहे. जून हेवर्ड हिची पहिली कादंबरी दुर्लक्षित राहिली आहे. तिची मैत्रीण अथिना लिऊ मात्र तरुण वयातच मोठ्या करारांची आणि प्रसिद्धीची धनी झालेली आहे. अथिनाचा अकस्मात मृत्यू होतो तेव्हा जून तिथे उपस्थित असते. अथिनाचे अप्रकाशित हस्तलिखित ती उचलते, त्यावर काम करते आणि स्वतःचे म्हणून विकते. या कादंबरीतील वंश आणि सांस्कृतिक मालकीच्या प्रश्नाची चर्चा विपुल झाली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. हस्तलिखिताला मोठी रक्कम मिळाल्यावर जूनचे पुस्तक 'जुनिपर साँग' या नावाने आणले जाते. या नावामुळे तिच्या वंशाविषयी संदिग्धता निर्माण होते हे खरे, परंतु त्याबरोबरच तिच्या अयशस्वी पहिल्या पुस्तकाशी असलेले नातेही पुसट होते. म्हणजे जून पुन्हा 'नवोदित' होते. बाजारात जुन्या लेखकाला जी गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे कोरी पाटी. जूनला चोरीबरोबर नेमकी तीच मिळते.

या तिन्ही कादंबऱ्या एकत्र वाचल्या असता एक साम्य ठळकपणे दिसून येते. प्रत्येकीत दोन लेखक समोरासमोर उभे आहेत आणि पैसे देणारा पक्ष रंगमंचाच्या कडेला आहे. नाट्याच्या दृष्टीने ही रचना प्रभावी ठरते. परंतु तिच्यामुळे वाचकाच्या मनात नाराजी म्हणजे एका लेखकाचा दुसऱ्याविषयीचा मत्सर, हे समीकरण दृढ होते. प्रत्यक्ष व्यवहार पाहिल्यास हे समीकरण अपुरे असल्याचे लक्षात येते.

प्रत्यक्ष व्यवहारातील काही घटना

'द इन्फर्मेशन' हीच कादंबरी एका मोठ्या वादाचे निमित्त ठरली. तिच्यासाठी एमिस यांनी सुमारे ५ लाख पौंडांची अपेक्षा ठेवली. आपल्या जुन्या प्रतिनिधी पॅट कॅव्हाना यांना सोडून ते अँड्र्यू वायली यांच्याकडे गेले. यातून कॅव्हाना यांचे पती, कादंबरीकार ज्युलियन बार्न्स, यांच्याशी असलेली त्यांची मैत्रीही दुरावली. ज्येष्ठ कादंबरीकार ए. एस. बायट यांनी या रकमेवर जाहीर टीका केली. इतर लेखकांच्या पुस्तकांतून होणाऱ्या कमाईने एकाच्या हव्यासाचा भार का वाहावा, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. एमिस हे नवोदित नव्हते, त्यांची पहिली कादंबरी १९७३ साली आली होती. तरीही 'एकाला दिलेले पैसे अखेर कोणाच्या वाट्यातून येतात' हा प्रश्न या वादाने उघडपणे पुढे आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पुस्तकांच्या किमती निश्चित ठेवणारा 'नेट बुक ॲग्रीमेंट' कोलमडला. सवलतीच्या विक्रीला मोकळीक मिळाली आणि मोजक्या पुस्तकांचा मोठा खप ही प्रकाशकांची गरज बनली.

पुढे १९९७ साली दोन नवोदित लेखिकांची पहिली पुस्तके प्रसिद्ध झाली. अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'ला विविध देशांतील हक्कांपोटी सुमारे ५ लाख पौंड आगाऊ मिळाल्याचे वृत्त होते. जे. के. रोलिंग यांच्या पहिल्या हॅरी पॉटर पुस्तकासाठी इंग्लंडमधील प्रकाशकाने दिलेली रक्कम दीड ते अडीच हजार पौंड सांगितली जाते. रॉय यांच्या कादंबरीला त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळाले आणि रोलिंग यांच्या पुस्तकाने विक्रीचा इतिहास घडविला. दोन्ही पुस्तके आपापल्या परीने यशस्वी ठरली, पण त्यांना मिळालेल्या आगाऊ रकमांत काहीशे पटींचे अंतर होते. यावरून आगाऊ रक्कम ही गुणवत्तेची मोजणी नाही आणि भावी खपाचीही खात्रीशीर मोजणी नाही, हे स्पष्ट होते. ती केवळ त्या क्षणी प्रकाशकांमध्ये झालेल्या चढाओढीची मोजणी असते.

या चढाओढीचा दुसरा चेहरा २००६ साली दिसला. हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थिनी काव्या विश्वनाथन यांच्याशी दोन पुस्तकांसाठी सुमारे ५ लाख डॉलरचा करार झाल्याची वार्ता गाजली होती. पहिल्या कादंबरीतील मजकूर अन्य लेखिकेच्या पुस्तकांशी जुळत असल्याचे उघड होताच ती बाजारातून मागे घेण्यात आली. या प्रकरणात दोष लेखिकेवर आला आणि तो अस्थानी नव्हता. परंतु अल्पवयीन लेखिकेच्या न लिहिलेल्या पुस्तकावर एवढी बोली लावण्याच्या निर्णयाची चिकित्सा फारशी झाली नाही. गार्थ रिस्क हॉलबर्ग यांच्या 'सिटी ऑन फायर' (२०१५) या पहिल्या कादंबरीसाठी सुमारे २० लाख डॉलर मोजले गेले, तेव्हाही पुस्तकाआधी रकमेचीच चर्चा झाली. अशा पुस्तकाचे परीक्षण करणारा समीक्षक नकळत 'रक्कम वसूल झाली काय' याच कसोटीवर ते तपासू लागतो. यात नव्या लेखकाचेही नुकसानच होते.

नवोदितच का?

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. प्रकाशक व्यवहारी असतात, मग ते परीक्षित लेखक सोडून अपरीक्षिताकडे का वळतात? याचे उत्तर खपाच्या नोंदीत आहे. अमेरिकेत २००१ पासून 'बुकस्कॅन' या संगणकीय पद्धतीने किरकोळ विक्रीचे आकडे एकत्र होऊ लागले. त्यामुळे कोणत्याही लेखकाचे मागील पुस्तक किती खपले, हे कोणत्याही प्रकाशकाला जवळजवळ तत्काळ कळू लागले. ज्याच्या नावावर ८,००० प्रतींचा आकडा आहे, त्याच्या पुढील पुस्तकाची अपेक्षा त्या आकड्याभोवतीच बांधली जाते. नवोदिताच्या नावावर मात्र कोणताच आकडा नसतो. त्यामुळे त्याच्याविषयी कितीही मोठी आशा बाळगता येते. म्हणजेच प्रकाशक ज्याला किंमत देतो ती नव्या लेखकाची सिद्धता नसून त्याच्या नोंदीचा अभाव होय.

याचा ठोस पुरावा २०२० च्या जून महिन्यात पुढे आला. कृष्णवर्णीय लेखकांना मिळणाऱ्या असमान रकमांकडे लक्ष वेधण्यासाठी लेखिका एल. एल. मॅकिनी यांनी आवाहन केले आणि अनेक लेखकांनी आपल्या आगाऊ रकमा जाहीर केल्या. एन. के. जेमिसिन यांनी दिलेली माहिती या संदर्भात बोलकी आहे. २०१० पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या त्रयीतील प्रत्येक पुस्तकाला ४० हजार डॉलर मिळाले होते. नंतरच्या 'ब्रोकन अर्थ' त्रयीतील प्रत्येक पुस्तकाला मिळाले २५ हजार. याच त्रयीच्या तिन्ही खंडांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. नवोदित असताना जी रक्कम मिळाली, ती सिद्ध झाल्यावर वाढण्याऐवजी घटली. २०११ साली नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळविलेल्या जेसमिन वॉर्ड यांनाही त्यानंतर एक लाख डॉलरपर्यंत पोहोचण्यासाठी झगडावे लागल्याचे त्यांनी सांगितले. त्याच वेळी एका श्वेतवर्णीय लेखकाने आपल्या पहिल्याच कादंबरीला ८ लाख डॉलर मिळाल्याचे प्रामाणिकपणे जाहीर केले. या उदाहरणांत वंशभेदाचा प्रश्न केंद्रस्थानी आहे, तो बाजूला सारता येणार नाही. 'नवे' म्हणून कोणावर मोठी बोली लागते आणि कोणावर लागत नाही, हेही त्यातून उघड झाले.

पेंग्विन रँडम हाउस आणि सायमन अँड शूस्टर या संस्थांच्या विलीनीकरणाविरुद्ध अमेरिकी सरकारने लढविलेला खटला २०२२ साली चालला. त्यात या व्यवसायाचे आणखी काही आकडे समोर आले. पेंग्विन रँडम हाउसची सुमारे ३५ टक्केच पुस्तके नफा देतात आणि नफा देणाऱ्यांपैकी अवघी ४ टक्के पुस्तके सुमारे ६० टक्के नफा मिळवून देतात, असे सांगण्यात आले. न्यायाधीश फ्लॉरेन्स पॅन यांनी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी हे विलीनीकरण रोखले. मात्र या खटल्यातील मुख्य विचार अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम मिळणाऱ्या पुस्तकांच्या बाजारपेठेपुरता होता. २०-२५ हजार डॉलरवर लिहिणारा लेखक या व्याख्येच्या बाहेरच राहिला.

दोन आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, एका नवोदिताला दिलेली मोठी रक्कम दुसऱ्या लेखकाच्या खिशातून येत नाही. उलट गाजलेल्या पुस्तकांच्या नफ्यातूनच न खपणारी पुस्तके निघतात. वर दिलेले आकडे पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु रक्कम वसूल करण्यासाठी प्रसिद्धीचा खर्च, विक्रेत्यांशी बोलणी आणि संपादकाचा वेळ हेही त्याच पुस्तकाकडे वळतात. मधल्या फळीतील लेखक पैशापेक्षाही या गोष्टींना अधिक मुकतो. ब्रिटनमध्ये कामाचा निम्म्याहून अधिक वेळ लेखनाला देणाऱ्या लेखकांचे लेखनापासूनचे मध्यक वार्षिक उत्पन्न २००६ साली १२,३३० पौंड, २०१८ च्या पाहणीत १०,४९७ पौंड आणि २०२२ च्या पाहणीत ७,००० पौंड आढळले. आगाऊ रकमांच्या बातम्या गाजत असताना सर्वसाधारण लेखकाचे उत्पन्न घसरत होते, हे वास्तव दुर्लक्षिता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठी रक्कम लेखकाला स्वातंत्र्य देते. रॉय यांची दुसरी कादंबरी २०१७ साली, म्हणजे २० वर्षांनी आली. मधल्या काळात त्यांनी स्वतःला हवे ते वैचारिक लेखन केले. हा आक्षेप मान्य करावा लागतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, लेखकाला वेळ विकत घेता आला पाहिजे. हा वेळ रीअर्डनसारख्याला, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पुस्तकावर असलेल्या लेखकालाही तितकाच आवश्यक असतो. अनेक लेखकांचे सर्वोत्तम लेखन पहिल्या पुस्तकात नसते. जेमिसिन यांनीही ते नंतरच्या त्रयीत गाठले. त्या लिहीत राहिल्या म्हणून ती त्रयी वाचकांना मिळाली. २५ हजारांवर ज्यांना थांबावे लागले, त्यांची न लिहिली गेलेली पुस्तके कोणत्याही नोंदीत सापडणार नाहीत.

मराठीतील प्रकाशनव्यवहारात अशा मोठ्या आगाऊ रकमांची प्रथा नाही, त्यामुळे हा प्रश्न जसाच्या तसा येथे लागू करणे योग्य होणार नाही. तरीही 'उचल' आणि 'मानधन' यांतील भेद मराठी वाचकालाही उपयुक्त ठरू शकतो. इंग्रजीत लिहिणाऱ्या एखाद्या भारतीय नवोदिताला मिळालेल्या रकमेची बातमी येथे वाचली जाते, तेव्हा ती बहुधा साहित्यिक मोठेपणाचा दाखला म्हणून वाचली जाते. ती बाजारातील एका बोलीची बातमी आहे, एवढे भान ठेवले तरी मूल्यमापनातील मोठा गोंधळ टळेल.

निष्कर्ष

१. नवोदितांना मिळणाऱ्या मोठ्या आगाऊ रकमांविषयीची नाराजी केवळ मत्सरातून आलेली नाही. सिद्ध लेखकाची खपाची नोंद त्याच्याच विरोधात वापरली जाते, या वस्तुस्थितीचा तिला आधार आहे.
२. तथापि ही नाराजी नव्या लेखकावर रोखली जाते तेव्हा ती चुकीच्या ठिकाणी पडते. अभ्यासलेल्या तिन्ही कादंबऱ्यांत लेखकाचा संघर्ष लेखकाशीच होतो. ही त्यांची नाट्यात्म शक्ती आहे, तशीच त्यांच्या सामाजिक आकलनाची मर्यादाही आहे.
३. आगाऊ रक्कम ही मानधन नसून उचल आहे. ती गुणवत्ता मोजत नाही. त्यामुळे समीक्षकाने ती पुस्तकाच्या बाजूनेही धरू नये आणि विरोधातही धरू नये.
४. २०२० साली लेखकांनी स्वतःच्या रकमा जाहीर केल्या तेव्हा नाराजीचे रूपांतर माहितीत झाले. कादंबरीतील रिचर्ड टल किंवा जून हेवर्ड यांना जे साधले नाही, ते आकडे उघड करण्याच्या या साध्या कृतीने काही अंशी साधले.
५. या प्रश्नात खरे पणाला लागले आहे ते लेखकाचे दुसरे, तिसरे आणि चौथे पुस्तक. पहिल्या पुस्तकावर मोठी बोली लावणारी व्यवस्था त्या पुढच्या पुस्तकांसाठी लेखकाला थांबू देते काय, यावरच तिचे साहित्यिक मूल्यमापन व्हावयास हवे.